पिकअपवर कॅरिअर बसवताय? चारही पाय हौद्यात ठेवा



आजच्या संदेशात करपा नाही, नागअळी नाही, फवारणीही नाही. गेल्या पंधरा दिवसांत आपल्या सभासदांपैकी सहा-सात जणांनी मला एकच गोष्ट विचारली. "साहेब, पिकअपच्या केबिनवर कॅरिअर टाकायचंय, घरीच होईल का?" टोमॅटोचा हंगाम तोंडावर आलाय, रोज पिंपळगावच्या फेऱ्या सुरू होतील, त्यामुळे हा प्रश्न आताच येणार. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. संदेश लांब आहे. निवांत वाचा, आणि ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे त्या भावाला पुढे पाठवा.

मी शेतीचा डिप्लोमावाला, मेकॅनिक नाही. पण आमच्या घरच्या बोलेरो पिकअपवर दोनदा कॅरिअर बसलं. पहिलं चुकलं आणि दुसरं आजही शाबूत आहे. त्यातून कळलं ते सांगतोय.

पहिलं कॅरिअर आम्ही एका गॅरेजातून करून घेतलं होतं. दिसायला एकदम भारी. अँगलचं, चार पाय केबिनच्या छतावर, आणि मागून दोन पट्ट्या थेट हौद्याच्या पुढच्या फाळक्याला वेल्डिंग केलेल्या. "हलणारच नाही" असं सांगितलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत केबिनच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याला केसासारखी चीर पडली. अण्णा गाडी चालवताना मानेवर पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा ती दिसली. एम-सील लावलं. पंधरा दिवसांत चीर एम-सीलच्या पलीकडे सरकली.

कारण समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. पिकअपचं केबिन आणि हौदा हा एक डबा नसतो. दोघं एकाच चासीवर बसलेले असतात, पण वेगवेगळे. केबिन रबरी बुशवर बसतं, हौदा वेगळा बोल्टने आवळलेला असतो. गाडी खड्ड्यात किंवा बांधावर गेली की चासीला पीळ बसतो, आणि केबिन एकीकडे, हौदा दुसरीकडे झुकतो. पटत नसेल तर करून बघा. गाडी सपाट जागी उभी करून केबिन आणि हौद्यामधल्या फटीचं माप दोन्ही बाजूंना वरच्या टोकाला घ्या. मग एक पुढचं चाक वीतभर उंचीच्या दगडी बांधावर चढवा, हँडब्रेक लावा, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि परत मोजा. आमच्या गाडीत आठ मिलिमीटरचा फरक आला. आता ह्या दोन हलणाऱ्या गोष्टी तुम्ही वेल्डिंगने एकमेकींना बांधल्या, तर प्रत्येक खड्ड्यात काहीतरी तुटायला बघणार. अँगल जाड, पत्रा पातळ. मग तुटणार पत्राच.

म्हणून नियम एकच. *कॅरिअर एकतर पूर्ण केबिनवर, नाहीतर पूर्ण हौद्यावर. दोन्हीकडे कधीच नाही.* आणि केबिनच्या छताचा पत्रा ऊन-पाऊस अडवायला आहे, वजन घ्यायला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, चारही पाय हौद्यात. वरची जाळी केबिनवर पुढे येईल, पण केबिनला कुठेच टेकणार नाही.

*आधी हे ठरवा की ते हवंय का*

खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना कॅरिअरची गरज नसते. शेजारच्याने लावलं म्हणून लावतात. मार्केटला जाताना हौदा भरलेल्या कॅरेटचा असतो, येताना रिकाम्या कॅरेटचा. एवढंच काम असेल तर कॅरिअर कशाला? पण येताना तुम्ही खताची पोती, पेंड, मल्चिंगचे रोल आणत असाल, आणि रिकामी कॅरेट ठेवायला जागा उरत नसेल, तर उपयोग आहे. ताडपत्री, दोर, ठिबकच्या नळीची भेंडोळी वर राहतात आणि माल ओल्या ताडपत्रीखाली दबत नाही. अजून एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. हौद्यात उभी केलेली चौकट जोराच्या ब्रेकला माल केबिनच्या मागच्या काचेवर येऊ देत नाही.

पीव्हीसी पाईपसाठी म्हणून करत असाल तर थांबा. पाईप ६ मीटरचा असतो आणि आपली पिकअप टोकापासून टोकापर्यंत ५ मीटरच्या आसपास. कॅरिअर असलं तरी पाईप पुढेमागे बाहेर येणारच. त्याला टेम्पो भाड्याने करा.

*लोखंड किती आणि कसलं*

आपल्याकडे मजबूत म्हणजे जाड अँगल, असं डोक्यात बसलंय. हिशोब करून बघू. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण ३ किलो भरतो. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप मीटरला दीड किलोच्या आत. साडेचार फूट रुंद आणि पाच फूट लांब कॅरिअर चार पायांसह करायला सगळं मिळून पंचवीस-सव्वीस मीटर लोखंड लागतं. सगळं अँगलमध्ये केलं तर वजन ८० किलोच्या घरात जातं. मी खाली सांगतो तसं केलं तर ५० च्या आसपास. तीस किलोचा फरक, म्हणजे दीड कॅरेट टोमॅटो. हे वजन तुम्ही मार्केटला विकणार नाही, पण प्रत्येक फेरीला डिझेल जाळून फिरवणार, तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागी. वजन वर गेलं की गाडी वळणावर जास्त कलते, हे चांदवडच्या घाटात भरल्या गाडीने गेलेल्या माणसाला सांगायला नको.

माझं सामान असं होतं. पुढचे दोन पाय ५० बाय ५० बाय ५ च्या अँगलचे, कारण सगळा झोक त्यांच्यावर येतो. मागचे दोन पाय आणि वरच्या जाळीच्या दोन लांब बाजू ४० बाय ४० च्या, २ मिलिमीटरच्या चौकोनी पाईपच्या. ह्या दोन बाजूंना पातळ पाईप वापरू नका. साडेतीन फूट पुढे हवेत झुलणारा भाग त्या पेलतात, २५ चा पाईप पायाजवळ वाकेल. आडवे दांडे, कठडा आणि पायांमधला तिरका टेकू मात्र २५ चा चालतो. प्रत्येक पायाखाली ४ इंच बाय ४ इंच, ६ मिलिमीटरची प्लेट, आणि हौद्याच्या खालून लावायला तसलीच दुसरी.

नट-बोल्ट एम-१० चे, म्हणजे १७ च्या पान्याचे. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं ते मागा, दुकानदार काहीही म्हणू दे. नट नायलॉनच्या रिंगवाले, आणि रुंद वायसर.

*माप आणि जोडणी*

माप तुमच्याच गाडीचं घ्या. माझं माप उचलू नका. फॅक्टरीचा हौदा वेगळा, गावात बांधलेला वेगळा. छोटा हत्तीचं केबिन तर लहानच, त्याला साडेतीन फूट पुढे काढलं तर काचेपुढे येईल. जाळीचं पुढचं टोक समोरच्या काचेच्या वरच्या कडेच्या मागेच राहिलं पाहिजे, आणि रुंदी केबिनपेक्षा एक इंचही जास्त नको.

पुढचे पाय हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत आतून येतील, मागचे त्यांच्यापासून दीड फूट मागे. बाजूचे फाळके उघडणारे असतील तर पाय फाळक्याला जोडू नका, हौद्याच्या तळालाच जोडा. पुढचे पाय मात्र पुढच्या पक्क्या फाळक्यालाही प्रत्येकी दोन बोल्टने आवळा. दोन्ही बाजूंना पुढच्या पायाच्या खालच्या टोकापासून मागच्या पायाच्या वरच्या टोकापर्यंत एक तिरका पाईप द्या. हा राहिला तर पूर्ण चौकट ब्रेकच्या वेळी पुढे-मागे झुलते. माझ्या चुलतभावाने तो "दिसायला बरा नाही" म्हणून काढला आणि आठवड्याने परत लावला.

वेल्डिंग गाडीवर करू नका. जमिनीवर करा. गुण्या लावून कोपरे तपासा, आधी नुसते टाके मारा, गाडीवर चढवून बघा, उतरवा आणि मग पूर्ण वेल्डिंग करा. काही कारणाने गाडीवर टाका मारावाच लागला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. आताच्या गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोल युनिट आहेत, वेल्डिंगच्या करंटने ते गेले तर कॅरिअरच्या कितीतरी पट खर्च बसेल. आणि ठिणगी डिझेल टाकीच्या, ताडपत्रीच्या बाजूला उडत नाही ना ते बघा.

छतापासून अंतर ३ इंच ठेवायचं. ते कसं राखायचं? ३ इंच जाडीचे दोन लाकडी ठोकळे पोत्यात गुंडाळून छताच्या कडेला ठेवा, छताच्या मधोमध नाही. त्यावर जाळी अलगद टेकवा, पाय बोल्टने आवळा, ठोकळे काढून घ्या. दोन माणसं लागतातच, एकट्याने करू नका.

*भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपा*

हा भाग घाईत वाचू नका. हौद्याच्या तळाला वरून ड्रिल लावण्याआधी गाडीखाली जाऊन बघा, त्या जागी खाली काय आहे. ब्रेकचा पाईप, डिझेलची नळी, मागच्या लाईटची वायर, टाकी ह्यातलं काहीही असू शकतं. ब्रेकच्या पाईपला बिट घासलं तर लगेच कळणार नाही. कळेल ते घाटात. खडूने खालून खूण करा, वरून करा, जुळतात का बघा. शक्यतो भोक हौद्याच्या आडव्या पट्टीवर येऊ द्या. नुसत्या पत्र्यावर येत असेल तर खालची प्लेट मोठी घ्या.

आधी ५ मिलिमीटरच्या बिटने भोक, तेलाचा थेंब, मग मोठ्या बिटने. भोकाच्या कडेला लगेच रेड ऑक्साइड लावा, नाहीतर पहिल्याच पावसात गंज तिथून सुरू होतो. पायाखाली रबर घालू नका. मी आवाज नको म्हणून जुन्या टायरचा तुकडा घातला होता. रबर दबत गेलं आणि आठवड्यात चारही नट सैल. पाईपची उघडी टोकं वेल्डिंगने बंद करा. पाणी तर जातंच, पण गांधीलमाश्या घर करतात. आमच्याकडे केलं होतं.

आवळून झालं की प्रत्येक नट-बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा, नटावरून प्लेटवर जाईल अशी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता दुरून कळतं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा आवळा, नंतर डिझेल भरताना नुसती नजर टाका.

आणि पहिल्या दिवशी ही परीक्षा घ्या. केबिनच्या छतावर जाळीच्या पुढच्या टोकाखाली ओल्या मातीचा दोन इंच उंच गोळा ठेवा आणि मळ्याच्या खराब रस्त्याने एक फेरी मारा. गोळा चेपला तर जाळी खाली येतेय, म्हणजे काहीतरी कमी पडतंय. शाबूत राहिला तर पास.

*वर काय ठेवायचं*

एकूण ५० किलो, त्यापुढे नाही. रिकामं कॅरेट पावणेदोन-दोन किलोचं, म्हणजे पंचवीस कॅरेट. भरलेलं कॅरेट एकही नको. कुणी म्हणेल, दहा कॅरेट वर टाकली तर काय बिघडलं? दहा कॅरेट म्हणजे दोनशे किलो, हवेत झुलणाऱ्या टोकावर. आणि माझ्या विषयाचं बोलायचं तर त्या जागी धक्के सगळ्यात जास्त बसतात. हौद्यातला टोमॅटो शाबूत आणि वरच्या कॅरेटच्या तळाचा टोमॅटो चेपलेला, मग लिलावात व्यापारी नेमकं तेच कॅरेट उलटं करून बघतो. भाव पूर्ण गाडीचा पडतो.

फवारणीचा पंप आणि औषधाचे डबेही वर नकोत. गळालं तर समोरच्या काचेखालच्या जाळीतून वास थेट केबिनमध्ये येतो, आणि चालवणारा दिवसभर तोच श्वास घेतो.

माणूस तर नकोच नको. तोडणीच्या मजुरांना "बस वर, पाच मिनिटांचा रस्ता आहे" म्हणायची आपल्याला सवय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ मध्ये गाडीच्या टपावर बसून प्रवासाला सरळ बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हे कॅरिअर पंचवीस कॅरेटसाठी बांधलंय, माणसासाठी नाही.

बांधायला ट्यूबची पट्टी वापरू नका, ती ताणते. नायलॉन दोर किंवा कार्गो बेल्ट, दोन पुढून-मागे आणि दोन आडवे. वर एक जाळी. रिकामी कॅरेट हलकी असतात म्हणून आपण निष्काळजी राहतो, पण हलकी आहेत म्हणूनच वारा त्यांना उचलतो. वेग चाळीसचा साठ केला, म्हणजे दीडपट, की वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. त्या पहिल्याच कॅरिअरवरून एका संध्याकाळी हायवेला आमची चार कॅरेट उडाली. गाडी मी चालवत होतो. दोर मी बांधला होता, घाईत, ट्यूबच्या पट्टीने. मागून मोटरसायलवर एक जोडपं येत होतं. त्याने गाडी खाली घातली आणि दोघं मातीत पडले. हाताला खरचटलं, त्यापलीकडे काही झालं नाही. मी धावत गेलो तेव्हा तो मला एक शब्द बोलला नाही. आधी बायकोला विचारलं, लागलं का. मग मोटरसायकल उचलली. मी कॅरेट गोळा करत होतो, तर त्यातली दोन त्यानेच आणून दिली.

त्या आठवड्यात आम्ही ते कॅरिअर कापून भंगारात दिलं.

*कागदाचं काय*

गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल कलम ५२ प्रमाणे परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माल बाजूला, पुढे-मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच बाहेर आला तर केंद्राच्या कायद्यात २० हजार आहे. म्हणून लोखंड आणण्याआधी आरटीओत जाऊन तुमच्या गाडीला काय चालतं ते विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. दावा करायची वेळ आली की पहिला प्रश्न "हे बसवलेलं कळवलं होतं का" हाच येतो. बोल्टवरचं कॅरिअर अर्ध्या तासात उतरतं, हंगाम संपला की उतरवून ठेवा. वेल्डिंगवाल्याला ती सोय नाही.

बसवून झाल्यावर गाडी रिकामी काट्यावर घाला. आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा जेवढं वाढलं, तेवढा माल इथून पुढे कमी भरायचा.

शेवटचं, पण हे चुकवू नका. कॅरेटसह गाडीची पूर्ण उंची टेपने मोजा आणि डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. शेडचं शटर, द्राक्षाचा मांडव, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विहिरीकडे गेलेल्या झोळ पडलेल्या तारा. आजवर ज्या तारेखालून गाडी सहज जात होती, तिथून ती आता जाईलच असं नाही. लोखंडी जाळी, ओली ताडपत्री आणि तार, पुढचं मी लिहीत नाही. तुमच्या रस्त्यावर अशी तार असेल तर वीज कंपनीकडे अर्ज आजच द्या. ती वर घ्यायला त्यांना वेळ लागतो, आणि तोडणी तुमच्यासाठी थांबणार नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर हौद्याच्या आतला, हौद्याच्या खालचा आणि केबिनच्या बाजूचा असे तीन फोटो टेप लावून मला पाठवा. पाय कुठे येतील ते बघून सांगतो. संध्याकाळी सातनंतर पाठवा, दिवसा मी प्लॉटवर असतो.

टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्याचा संदेश उद्या सकाळी येईल.